एमडब्ल्यूजी की जेले-रेनी? पदव्युत्तर सूक्ष्म अर्थशास्त्रासाठी मुख्य पुस्तक निवडताना

पदव्युत्तर पातळीवरचा सूक्ष्म अर्थशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला की दोन पुस्तकांची नावे हमखास कानावर येतात. एक मास-कोलेल, विन्स्टन आणि ग्रीन यांचे १९९५ सालचे ‘मायक्रोइकॉनॉमिक थिअरी’. त्याला सगळे नुसते एमडब्ल्यूजी म्हणतात. दुसरे जेले आणि रेनी यांचे ‘अ‍ॅडव्हान्स्ड मायक्रोइकॉनॉमिक थिअरी’, ज्याची तिसरी आवृत्ती २०११ची आहे. दोन्ही उत्तम आहेत, पण पहिल्या वर्षी दोन्ही सारख्याच जोमाने वाचायला वेळ पुरत नाही. एक मुख्य धरावे लागते आणि दुसरे ठरावीक प्रकरणांपुरते वापरावे लागते.

निवड करताना ‘सोपे कोणते’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. आपले घोडे कुठे अडते ते पाहावे: आकडेमोडीत, सिद्धता लिहिण्यात, की कोणते गृहीतक कुठे लागते हे ओळखण्यात.

आधी अर्ध्या तासाची चाचणी

पुस्तक न उघडता हे गणित करून पाहा. एका उपभोक्त्याची उपयोगिता म्हणजे दोन वस्तूंच्या नगसंख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. उत्पन्न १००, दोन्ही किमती १. पहिल्या वस्तूची किंमत १ वरून ४ झाली. नुकसान किती?

आधी तो ५० आणि ५० नग घेतो, उपयोगिता ५०. नंतर १२.५ आणि ५० नग, उपयोगिता २५. नव्या किमतींना जुनी ५० उपयोगिता गाठायला २०० लागतात, म्हणून कॉम्पेन्सेटिंग व्हेरिएशन १००. जुन्या किमतींना २५ उपयोगिता ५० रकमेत मिळते, म्हणून इक्विव्हॅलंट व्हेरिएशन ५०. साध्या मागणी वक्राने मोजलेली संतोषाधिक्यातील घट सुमारे ६९.३. किंमतबदल एकच आणि उत्तरे तीन. आता खरा प्रश्न: ६९.३ हा आकडा ५० आणि १०० यांच्या मधेच का पडला?

इथपर्यंतची आकडेमोडच जमली नसेल तर दोन्ही पुस्तके महिनाभर बाजूला ठेवून पदवीपातळीचे मागणीचे प्रकरण आणि लॅग्रांज पद्धत (बंधन पाळून कमाल किंवा किमान मूल्य काढण्याची रीत) पक्की करावी. आकडे आले पण ‘मधेच का’ सांगता आले नाही, तर जेले-रेनीपासून सुरुवात करावी. (वस्तू सामान्य असल्यामुळे जास्त उपयोगितेचा हिक्स मागणी वक्र, म्हणजे उपयोगिता स्थिर धरून काढलेला वक्र, कमी उपयोगितेच्या वक्राच्या वर राहतो, साधा मागणी वक्र सुरुवातीच्या किमतीला एकाला आणि शेवटच्या किमतीला दुसऱ्याला छेदत त्यांच्या मधून जातो. तीन आकडे म्हणजे या तीन वक्रांच्या डावीकडची क्षेत्रफळे.) कारणही सांगता आले, तर दुसऱ्या प्रश्नाकडे वळा.

किमान खर्चाचे फलन, म्हणजे ठरावीक उपयोगिता गाठायला लागणारा कमीत कमी खर्च, किमतींच्या दृष्टीने कॉन्केव्ह असते (सरासरी किमतीचा खर्च हा खर्चांच्या सरासरीपेक्षा कमी नसतो) हे सिद्ध करा. इथे बहुतेक जण दुसरा डेरिव्हेटिव्ह काढायला धावतात आणि तिथेच चुकतात, कारण फलन डिफरन्शिएबल (डेरिव्हेटिव्ह काढता येण्याजोगे) आहे असे कुणी सांगितलेलेच नाही. सिद्धता तीन ओळींची आहे. दोन किमतींची भारित सरासरी घ्या आणि त्या सरासरी किमतीला सर्वांत स्वस्त पडणारा वस्तुसंच घ्या. तोच संच पहिल्या किमतीला विकत घेतला तर त्याचा खर्च त्या किमतीच्या किमान खर्चापेक्षा कमी असू शकत नाही. दुसऱ्या किमतीलाही तेच. दोन्ही असमता त्याच भारांनी जोडल्या की काम झाले. उपयोगिता कॉन्केव्ह आहे की नाही याचा इथे संबंधच येत नाही. ही सिद्धता स्वतःची स्वतःला सुचली असेल, तर सरळ एमडब्ल्यूजी मुख्य पुस्तक म्हणून घ्यायला हरकत नाही.

उपभोक्ता सिद्धांत: फरक इथेच सर्वांत जास्त जाणवतो

जेले-रेनी पसंतीक्रमाच्या गृहीतकांपासून निघतात आणि उपयोगिता, अप्रत्यक्ष उपयोगिता, खर्चाचे फलन आणि स्लट्स्की समीकरण (किंमतबदलाचा परिणाम पर्यायता आणि उत्पन्न अशा दोन भागांत विभागणारे) एवढे सगळे पहिल्याच प्रकरणात उरकतात. एकच सीईएस (स्थिर पर्यायता-लवचीकतेची) उपयोगिता पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे मागणीपासून खर्चाच्या फलनापर्यंतचा प्रवास एकाच उदाहरणातून दिसतो. पहिल्यांदा ड्युअ‍ॅलिटी, म्हणजे उपयोगिता वाढवणे आणि खर्च कमी करणे या दोन प्रश्नांतील नाते, शिकणाऱ्याला हे फार उपकारक आहे. त्याची एक किंमतही आहे. सीईएसमध्ये उत्तर नेहमी आतले येते. एखाद्या वस्तूची खरेदी शून्यावर अडकते असे होत नाही. परीक्षेत मात्र ‘पहिल्या वस्तूचे नग अधिक दुसऱ्याचा लॉग’ अशी उपयोगिता येते. उत्पन्न पहिल्या वस्तूच्या किमतीपेक्षा कमी असेल तर त्या वस्तूची मागणी शून्य असते. सवयीने समानतेची अट लिहिणाऱ्याला तिथे ऋण मागणी मिळते आणि गुण जातात. एमडब्ल्यूजीच्या ३.डी विभागात कून-टकर अटी (खरेदी शून्यही असू शकते हे धरून लिहिलेल्या इष्टतमतेच्या अटी) असमतेच्या रूपात मांडल्या आहेत. त्या तशाच लिहिण्याची सवय लावून घ्यावी, मग पुस्तक कोणतेही असो.

एमडब्ल्यूजीची वाट वेगळी आहे. त्याचे दुसरे प्रकरण उपयोगितेचे नावही न घेता मागणीचे नियम काढते. हाताशी असतो फक्त प्रकट पसंतीचा दुर्बल नियम: परवडत असलेला एक संच सोडून दुसरा घेतला, तर दुसरा परवडत असताना पहिला घ्यायचा नाही. एवढ्यावरून स्लट्स्की मॅट्रिक्स (किंमतवाढीची भरपाई केल्यावर मागणी किती बदलते याची सारणी) निगेटिव्ह सेमीडेफिनिट आहे, म्हणजे भरपाईनंतर किंमत वाढल्यास त्या वस्तूची मागणी वाढत नाही, हे मिळते. पण वस्तू दोनपेक्षा जास्त असतील तर ती सममित आहे हे मिळत नाही. सममिती तिसऱ्या प्रकरणात येते, कारण तिथे ती खर्चाच्या फलनाची दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची मॅट्रिक्स ठरते. म्हणजे ऋणचिन्हाला निवडीतील सुसंगती पुरते, सममितीला मात्र सगळ्या निवडींमागे एकच पसंतीक्रम असावा लागतो. जेले-रेनीमध्ये प्रकट पसंती २.३ मध्ये येते, तेव्हा दोन्ही गुणधर्म आधीच एकत्र हातात पडलेले असतात आणि कोणता गुणधर्म कशातून आला हे सहसा कुणी विचारत नाही. जेले-रेनी वाचणाऱ्याने एमडब्ल्यूजीचे दुसरे प्रकरण वेगळे काढून वाचावेच, असा आमचा आग्रह आहे. संशोधनाकडे जाणाऱ्याला हाच फरक पुढे उपयोगी पडतो.

जोखमीचा विषय जेले-रेनी २.४ या एका विभागात आटोपतात. एमडब्ल्यूजी त्याला पूर्ण सहावे प्रकरण देते आणि त्यात स्टोकॅस्टिक डॉमिनन्सचा (परतावा आणि जोखीम यांवरून वितरणांची तुलना करण्याचा) ६.डी विभाग आहे. वित्ताकडे वळायचे असेल तर इथे एमडब्ल्यूजीला पर्याय नाही.

सर्वसाधारण समतोल

समतोलाच्या अस्तित्वाची सिद्धता दोन्हीकडे आहे, पण अवजारे वेगळी. जेले-रेनी ब्राउवरच्या स्थिरबिंदू प्रमेयावर (योग्य संचावरचे सलग फलन किमान एक बिंदू जागचा हलवत नाही) भागवतात. किमती शून्यापासून थोड्या दूर ठेवायच्या, अतिरिक्त मागणीला वरून १ची मर्यादा घालायची, स्थिरबिंदू काढायचा आणि मग ते अंतर शून्याकडे न्यायचे. प्रत्येक पायरी कागदावर करता येते. एमडब्ल्यूजीच्या १७.सी विभागातील मुख्य सिद्धता काकुतानीच्या प्रमेयावर उभी आहे, त्यामुळे करस्पाँडन्स (एका बिंदूला अख्खा संच जोडणारे फलन) आणि अप्पर हेमिकंटिन्युइटी (त्याचे सलगपण) आधी पक्क्या लागतात. त्याच विभागात ब्राउवरने होणारे सोपे रूपही दिलेले आहे. अडलेल्याने ते आधी वाचावे.

पहिले कल्याण प्रमेय (स्पर्धात्मक समतोल पॅरेटो-कार्यक्षम असतो) लिहिताना गृहीतके तपासून घ्यावीत. एमडब्ल्यूजीला स्थानिक अतृप्ती (कोणत्याही संचाच्या अगदी जवळ त्याहून आवडता संच असतोच) पुरते, जेले-रेनी काटेकोर वाढती उपयोगिता घेतात. ‘कोणते सर्वांत दुबळे गृहीतक पुरेल’ असा प्रश्न आला आणि जेले-रेनीचे विधान जसेच्या तसे उतरवले, तर उत्तर अपुरे राहते.

गेम थिअरी, माहिती आणि लिलाव

गेम थिअरीला एमडब्ल्यूजीमध्ये ७ ते ९ अशी तीन प्रकरणे आहेत, पण अनंतवेळा पुनरावृत्त होणारे गेम तिथे शोधून सापडत नाहीत. ते बाराव्या प्रकरणाच्या परिशिष्टात आहेत. जेले-रेनी सातव्या एकाच प्रकरणात सिक्वेन्शियल इक्विलिब्रियमपर्यंत (खेळाडूंच्या चाली आणि समजुती दोन्ही सुसंगत असणारा समतोल) पोहोचतात आणि व्याख्या अधिक काटेकोरपणे बांधतात. या विषयासाठी दोन्हींवर विसंबून न राहता गेम थिअरीचे स्वतंत्र पुस्तक सोबत असावे.

माहितीच्या असमतोलाबाबत जेले-रेनींचे आठवे प्रकरण वाचायला सुंदर आहे, कारण प्रतिकूल निवडीपासून (ग्राहकाची जोखीम विमाकंपनीला न कळणे) नैतिक जोखमीपर्यंत (विमा घेतल्यावर काळजी कमी घेणे) सगळी चर्चा विम्याच्या एकाच बाजाराभोवती फिरते. एमडब्ल्यूजी तेराव्या प्रकरणात कामगार बाजार घेते आणि प्रिन्सिपल-एजंटला (काम देणारा आणि करणारा यांच्यातील कराराच्या प्रश्नाला) चौदावे प्रकरण वेगळे देते. करारांच्या सिद्धांतात पुढे जायचे असेल तर चौदावे प्रकरण जास्त खोलवर नेते.

लिलावांत मात्र जेले-रेनी स्पष्टपणे पुढे आहेत. नववे प्रकरण पहिल्या आणि दुसऱ्या किमतीच्या लिलावांपासून निघून महसूल-समतुल्यता (ठरावीक अटींखाली वेगवेगळ्या लिलावांतून सरासरी महसूल सारखाच येणे), जास्तीत जास्त महसुलाचा लिलाव आणि कार्यक्षम यंत्रणांपर्यंत क्रमाने चढत जाते. एमडब्ल्यूजीमध्ये हा विषय तेविसाव्या प्रकरणात यंत्रणा-रचनेच्या ओघात येतो आणि तिथली घनता पहिल्या वाचनाला झेपत नाही.

चिन्हांचा सापळा

दोन पुस्तके आलटून-पालटून वाचणाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर एमडब्ल्यूजीच्या उपभोक्ता प्रकरणांत संपत्ती दाखवते. जेले-रेनीमध्ये ते उत्पादन घटकांच्या किमतींसाठी आहे. ‘वाय’ म्हणजे जेले-रेनीच्या उपभोक्त्याचे उत्पन्न, त्याच पुस्तकात पुढे उत्पादन, आणि एमडब्ल्यूजीमध्ये अख्खी उत्पादन योजना. त्या योजनेत घटक ऋण चिन्हाने मोजतात. म्हणून होटेलिंगचे लेम्मा एमडब्ल्यूजीत कुठलेही चिन्ह न बदलता ‘नफ्याचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे योजना’ असे दिसते, तर जेले-रेनीत घटकाच्या किमतीने डिफरन्शिएट केल्यावर घटक मागणीपुढे उणे चिन्ह येते. दोन्ही बरोबर आहेत. अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे घेतले की चिन्ह चुकते. वहीच्या पहिल्या पानावर दोन रकान्यांची चिन्हसूची करून ठेवावी आणि उत्तरपत्रिकेत वर्गात वापरलेलीच चिन्हे लिहावीत.

सराव, गणित आणि वेळ

एमडब्ल्यूजीच्या सराव प्रश्नांवर ए, बी, सी अशी काठिण्यपातळी असते, पुस्तकात उत्तरे नसतात. ए प्रश्न व्याख्या तपासतात, ते त्याच दिवशी संपवावेत. परीक्षेची खरी तयारी बी प्रश्नांत आहे. सी प्रश्न शिक्षकांनी नेमून दिले तरच घ्यावेत, एकेका प्रश्नात अख्खी संध्याकाळ जाते. जेले-रेनीमध्ये शेवटी निवडक प्रश्नांच्या सूचना आणि उत्तरे आहेत. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला हा मोठा आधार आहे, मात्र पूर्ण उत्तर लिहून झाल्याशिवाय ते पान उलटायचे नाही. दुसऱ्याची सिद्धता वाचताना प्रत्येक पायरी उघड वाटते आणि कोरा कागद समोर आल्यावर पहिली ओळही सुचत नाही.

गणित कच्चे असेल तर जेले-रेनी. त्याची दोन गणिती परिशिष्टे स्वतंत्र सराव प्रश्नांसह शिकवण्यासाठी लिहिली आहेत: एक संच आणि फलनांवर, दुसरे कॅल्क्युलस आणि ऑप्टिमायझेशनवर. एमडब्ल्यूजीचे परिशिष्ट आठवण करून देण्यापुरते आहे. तिथे पहिल्यांदा शिकायला जाऊ नये.

आकाराचा हिशेबही करावा. एमडब्ल्यूजी म्हणजे ५ भाग, २३ प्रकरणे, ९८० च्या आसपास पाने. जेले-रेनी ९ प्रकरणे, साधारण ६५० पाने. एमडब्ल्यूजी कागद-पेन घेऊन वाचताना तासाला चार-पाच पाने झाली तरी वेग चांगला समजावा. एकट्या तिसऱ्या प्रकरणाला दोन आठवडे धरावेत. बारीक टाइपातला मजकूर पहिल्या वाचनात सोडून द्यावा, लेखकांनी प्रगत भाग त्यासाठीच वेगळा छापला आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचण्याचा संकल्प चौथ्या-पाचव्या प्रकरणापाशी मोडतो, आणि नेमकी परीक्षेला येणारी सोळावे-सतरावे ही प्रकरणे न उघडताच राहतात.

मग काय घ्यावे

एकच सत्र असेल, सिद्धांत हा मुख्य विषय नसेल, किंवा एकट्याने तयारी करायची असेल, तर जेले-रेनी मुख्य. त्याला एमडब्ल्यूजीचे दुसरे, सहावे आणि चौदावे प्रकरण जोडावे. पूर्ण वर्ष हाताशी असेल आणि पुढे संशोधन करायचे असेल, तर एमडब्ल्यूजी मुख्य, आणि जेले-रेनीचे पाचव्या प्रकरणातील अस्तित्वाची सिद्धता व नववे प्रकरण सोबतीला. वर्गातले शिक्षक ज्या पुस्तकातून प्रश्न देतात ते वेगळे असेल, तर निदान चिन्हे आणि सराव त्याच पुस्तकाचे ठेवावेत.

आणखी दोन नावे विचारात येतात. वॅरियन यांचे १९९२चे ‘मायक्रोइकॉनॉमिक अ‍ॅनालिसिस’ उत्पादनसंस्थेपासून सुरू होते आणि प्रकरणे छोटी आहेत. आकडेमोडीत अडणाऱ्याला ते पूल म्हणून चालते. त्याच लेखकाचे पदवीपातळीचे पुस्तक वेगळे आहे, मागवताना शीर्षक नीट पाहावे. रुबिनस्टाइन यांच्या व्याख्यान-टिपा लेखकाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्या व्यक्तीच्या निवडीभोवतीच फिरतात, पण पसंतीक्रम आणि उपयोगिता यांतला संबंध इतक्या थोड्या पानांत इतका स्वच्छ क्वचितच मांडलेला दिसतो. अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच्या पंधरवड्यात त्यांची पहिली दोन-तीन व्याख्याने सोडवून ठेवली, तर मुख्य पुस्तक कोणतेही असले तरी पहिला आठवडा व्याख्या पाठ करण्यात जात नाही.