जि. प. हायस्कूलला चार तारे, एक मैदानापायी कापला

माझी मोठी नववीत, धाकटी सातवीत. दोघी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद हायस्कूलातच. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारावरून जाते, अन् बाया विचारतात, "पोरी तिकडं काऊन नाही घातल्या?" म्हणून हे लिहिते.

शिकवणं बरं आहे. गणिताचे सर पक्के, इंग्रजीची जागा मात्र बरेच महिने रिकामी होती. खरी शाळा दिसते ते खो-खोच्या मैदानावर.

मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात हातभर भेगा, पावसात तळपायाला मातीचे गोळे. अन् तालुक्याचे सामने नेमके पावसाळ्यात! गावानं वर्गणी करून मुरूम टाकला, तर पोलवर झेप घेणाऱ्या पोरींची ढोपरं सोलून निघाली. मग सरांनी दोन्ही पोलांजवळचा मुरूम खरडून तिथं रेती पसरली. हे सर चित्रकलेचे बरं का! क्रीडाशिक्षकच नाही, तर शिटीही तेच वाजवतात. तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीतल्या पोरींना एसटीचा पास फुकट आहे, पण संध्याकाळची गाडी हुकली की रात्र गावातच. म्हणून सराव सकाळी, प्रार्थनेच्या आधी. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागली की संघ अर्धा होतो. त्याचा दोष शाळेला कसा देणार? मजूर मिळत नाही, लेकरं वावरात जातातच.

चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना सर स्वतः बसवतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीत ७ गुण वाढतात, हे आमच्याकडच्या किती मायबापांना ठाऊक आहे? रंगपेटी मात्र आपली आपण घ्यावी लागते.

गॅदरिंगात सिनेमाची गाणी वाजतात, कान बसतात, ते सोडा. पण तांड्यावरच्या पोरींनी लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांचं होळीचं गाणं-नाच, बसवली होती. फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी घातलेल्या त्यांच्या आज्या पुढच्या रांगेत बसून ताल धरत होत्या, अन् एक तर उठून सरळ मंचावरच गेली. मुख्याध्यापकांनी अडवलं नाही. आवडलं मला.

आठवीला एनएमएमएसचे, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास होतात. ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती. पिवळ्या गाडीच्या खासगी विनाअनुदानित शाळेतल्या पोरांना हा फॉर्मच भरता येत नाही, ही गोष्ट त्या शाळेची जाहिरात वाचताना ध्यानात ठेवा.

पोरींच्या संडासाला पाणी उन्हाळ्यात नसते. तक्रार दोनदा ग्रामसभेत मांडली, टाकी आली, नळ यायचा आहे.

नाव घालायचं तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडताच जा, दाखला अन् आधार घेऊन. पोरगं आठवीत जात असेल तर एनएमएमएससाठी उत्पन्नाचा दाखला आताच काढा, साडेतीन लाखांच्या आतला लागतो. जुलैत सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.