गॅरेजचं मोटरवालं दार: बरेच महिने वापरल्यावर

दार घेताना सगळी चर्चा मोटरची झाली होती. ताकद किती, आवाज किती, मोबाइलवरून उघडतं का. एवढे महिने वापरल्यावर माझं मत झालंय की या सगळ्या यंत्रणेत मोटर ही सगळ्यात कमी काळजी करण्यासारखी वस्तू आहे. दार उचलते ती स्प्रिंग, मोटर त्याला फक्त ढकलते.

माझं दार नेहमीच्या पद्धतीचं आहे. स्टीलचे आडवे पॅनल बिजागऱ्यांनी जोडलेले, बाजूच्या ट्रॅकमधून रोलरवर वर जाऊन छताखाली आडवं होणारं. दाराच्या वर भिंतीला एक दांडा, त्यावर दोन टॉर्शन स्प्रिंगा, म्हणजे पीळ देऊन बसवलेल्या, आणि दोन्ही टोकांना दार ओढणारी केबल गुंडाळायचे ड्रम. मोटर बेल्टवाली. दोन गाड्यांचं जाड, आत फोम भरलेलं असं दार शंभर किलोच्या आसपास जाऊ शकतं. तरीही ते एका हाताने उचलता येतं, कारण दाराचं वजन पीळ दिलेल्या स्प्रिंगांनी तोललेलं असतं. हा तोल बिघडला की मोटर बिचारी ते वजन ओढत बसते, आणि आपल्याला काही कळतही नाही. बटण दाबलं, दार उघडलं, सगळं ठीक! मोटर असण्याचा हाच मोठा तोटा म्हणायचा. हाताने उचलायचं दार जड झालं तर दुसऱ्याच दिवशी घरात कुरकुर सुरू होते, मोटर मात्र गीअर झिजेपर्यंत गप्प राहते.

म्हणून महिन्यातून एकदा मी तोल तपासते. दार पूर्ण बंद करायचं, मोटरच्या रेलला लोंबणारी लाल दोरी ओढून मोटर सोडवायची आणि दार हाताने कमरेइतकं उचलून हळूच हात सैल करायचा. दार तिथेच थांबलं तर तोल बरोबर. खाली यायला लागलं तर स्प्रिंग सैल पडली, आपणहून वर पळालं तर पीळ जास्त झाला. सुरुवातीला माझं दार अगदी जागच्या जागी थांबायचं. काही महिन्यांनी ते हळूहळू वीतभर खाली सरकायला लागलं. रिमोटने चालवताना मात्र काहीच फरक जाणवत नव्हता.

लाल दोरीबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: दार उघडं असताना ती ओढायची नाही. स्प्रिंग तुटलेली किंवा सैल असेल तर दार धाडकन खाली येतं. वीज गेली, दार अर्ध्यावर अडकलं आणि दोरी ओढण्यावाचून इलाज नसेल, तर आधी खालून माणसं आणि गाडी बाजूला करायची आणि दार दोघांनी धरून ठेवायचं.

तोल सुधारायला मिस्त्री आला, ते काम मी लांब उभी राहून पाहिलं. स्प्रिंगच्या टोकाच्या शंकूला भोकं असतात. त्याने तिथे बरोब्बर बसतील अशा दोन पोलादी सळया काढल्या. एक भोकात घालून धरली, स्क्रू सैल केले, पाव फेरा दिला, लगेच दुसरी सळई पुढच्या भोकात. चेहरा सळईच्या रेषेतून बाजूला, शिडी भिंतीला घट्ट. मी थोडी जवळ सरकले तर म्हणाला, "ताई, तुम्ही तिकडेच थांबा. आणि खालच्या या कंसाच्या बोल्टला तर कधीच हात लावायचा नाही." दाराच्या तळाच्या दोन कोपऱ्यांत केबल ज्या कंसात अडकवलेली असते, त्यावर स्प्रिंगचा सगळा ताण येत असतो. बोल्ट सैल झाला तर कंस सुटून उडतो. सळयांऐवजी स्क्रूड्रायव्हर घालून पीळ देणारा कुणी आला तर त्याला नम्रपणे परत पाठवा. स्प्रिंग आणि केबल ही घरी करायची कामंच नव्हेत, व्हिडिओत कितीही सोपं दिसो.

स्प्रिंगचं आयुष्य वर्षांत नव्हे, फेऱ्यांत मोजतात. एकदा उघडून बंद झालं की एक फेरी. साधारण स्प्रिंग १०,००० फेऱ्यांची असते. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर २,५०० दिवस, म्हणजे सात वर्षंही पुरी नाहीत. जास्त फेऱ्यांच्या स्प्रिंगा मिळतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तुटते तेव्हा फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि वेटोळ्यात फट दिसते. त्यानंतर बटण दाबायचंच नाही. एक तुटली की दोन्ही बदलायच्या, कारण दुसरीनेही तेवढ्याच फेऱ्या मारलेल्या असतात.

आता सेन्सर. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून जास्तीत जास्त १५ सेंटिमीटरवर दोन डोळे असतात. मधला किरण तुटला की बंद होणारं दार उलट वर जातं. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती मोटरांना कुणी दाराखाली अडकू नये म्हणून अशी सोय ठेवणं सक्तीचं झालं, तेही मुलं दाराखाली चिरडली गेल्यानंतर. माझ्याकडे उलटाच त्रास झाला. ठरावीक वेळी, ऊन तिरपं यायला लागलं की दार बंद व्हायला निघायचं आणि परत वर. मोटरवरचा दिवा लुकलुकायचा. किरण घेणाऱ्या डोळ्यावर थेट ऊन पडत होतं. दोन्ही डोळ्यांच्या बाजूंची अदलाबदल केली, पाठवणारा उन्हात आणि घेणारा सावलीत, आणि प्रश्न मिटला. एरवी कोळ्याचं जाळं किंवा कुंच्याचा धक्का एवढंच कारण असतं.

पण सेन्सर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. किरण खालच्या अंगाला असतो, त्यामुळे गाडीचा फक्त मागचा बंपर दारात राहिला असेल तर त्याला तो दिसत नाही. तिथे कामाला येते दुसरी सोय, कशाला तरी टेकताच दार उलटं फिरण्याची. ती तपासायला साधारण ३८ मिलिमीटर जाडीची लाकडी फळी उंबऱ्याच्या रेषेवर आडवी ठेवायची आणि दार बंद करायचं. फळीला टेकल्यावर दोन सेकंदांत दार परत फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर मोटर वापरणं बंद. काही जण दार अडखळतं म्हणून मोटरचा जोर वाढवून ठेवतात. मला हे भयंकर वाटतं, कारण अडखळण्याचं कारण तसंच राहतं आणि मध्ये कुणी आलं तर दार तेवढ्याच जोराने दाबतं. शिवाय बऱ्याच मोटरांमध्ये भिंतीवरचं बटण दाबून धरलं की सेन्सरला न जुमानता दार खाली येतं. म्हणून ते बटण दीड मीटरच्या वर आणि दार समोर दिसेल अशाच जागी हवं. आमच्याकडे मुलांना रिमोट खेळायला मिळत नाही, आणि दार चालू असताना पॅनलच्या सांध्यात बोट घालायचं नाही हे त्यांना पाठ आहे.

वंगणाचं थोडक्यात. बिजागऱ्या, रोलरची बेअरिंगं आणि स्प्रिंगची वेटोळी यांना सिलिकॉन स्प्रे किंवा पांढरं लिथियम ग्रीस. ट्रॅक फक्त कोरड्या फडक्याने पुसायचा, आत ग्रीस भरलं की धूळ चिकटून लगदा होतो. नायलॉनच्या चाकांना काही लावायचं नाही. करकर दोनदा आली होती, दोन्ही वेळा बिजागरीचीच.

मोबाइलचं अॅप बरं आहे. दार उघडं राहिल्याची सूचना खरंच कामी येते. लांबून बंद करताना मोटर आधी दिवा लुकलुकवते आणि पिपाणी वाजवते, ते कानाला कर्कश असलं तरी हवंच. वीज गेल्यावरची बॅटरी चांगली, फक्त ती उतरली की अवेळी टिंव टिंव सुरू करते. आणि दार कितीही झटपट उघडत असलं तरी आत गाडी चालू ठेवून बसू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पुन्हा घ्यायचं झालं तर दार हेच घेईन, मोटर एक पायरी साधी घेईन आणि वाचलेले पैसे जास्त फेऱ्यांच्या स्प्रिंगांवर घालीन. तळाची रबरी पट्टी मात्र मला पसंत नाही. एका कोपऱ्यात ती आत्ताच कडक होऊन उचलली गेलीये, आणि तेवढी फट उंदराला पुरते.