आईला लघवीची घाई: व्यायाम, गोळी की बोटॉक्स?

आई 74 ची, फोंड्याला असते. म्हार्दोळच्या देवळात जायचं असलं की सकाळपासून पाणीच प्यायची नाही, आणि कदंबाच्या बसमध्ये चढली की दाराजवळचीच सीट धरायची. कारण कळायला आम्हाला दोन वर्षं लागली, आपल्याकडे बायका हे बोलतच नाहीत ना. पाणी तोडलं की लघवी गडद होते, मूत्राशय जास्तच चिडतं.

आधी प्रकार बघा. खोकताना-शिंकताना गळत असेल तर घाईवरच्या गोळ्यांचा उपयोग नाही, तिथे व्यायामच, नाहीतर ऑपरेशन. अचानक घाई लागून बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत होत असेल तर खालचं वाचा. पण त्याआधी लघवी आणि शुगर तपासून घ्या.

व्यायाम म्हणजे लघवी रोखायचे स्नायू आत ओढून धरायचे, एका वेळी 8 वेळा, दिवसातून तीनदा, निदान 3 महिने. सोबत घाई लागली तरी लगेच न पळता थोडं थांबून अंतर हळूहळू वाढवायचं, हे निदान 6 आठवडे. खर्च नाही, साइड इफेक्ट नाही, पण रोज आठवण करून देणारं घरात कोणीतरी हवं.

गोळ्यांत मात्र सांभाळा. आईला पहिल्यांदा ऑक्सिब्युटिनिन दिलेली, काचबिंदू आहे का, विसरते का, काहीच न विचारता. तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकरीचा घास गिळायला पेजेचा घोट लागायचा, वर बद्धकोष्ठता, आणि गॅस बंद केला की नाही हे ती तीन-तीनदा विचारायला लागली. या जुन्या गटातल्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीवर परिणाम करू शकतात. सॉलिफेनासिन त्याच गटातली. मिराबेग्रॉन वेगळी, तोंड फारसं कोरडं करत नाही, फक्त बीपी बघत राहायचं आणि खूप वाढलेलं असेल तर घ्यायचीच नाही. माझं मत विचाराल तर सत्तरीपुढे डॉक्टरांना आधी मिराबेग्रॉनबद्दल विचारा. पाळी गेल्यानंतर खाली कोरडेपणा असेल तर इस्ट्रोजेन क्रीमचंही विचारा.

बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, सगळ्यात शेवटी. दुर्बिणीतून मूत्राशयात 100 युनिट टोचतात, असर काही महिने टिकतो मग परत टोचायचं, आणि कधीकधी लघवी अडकून काही आठवडे स्वतः नळी घालावी लागते. आईचे हात थरथरतात, म्हणून आम्ही नको म्हटलं.

बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात किंवा कुठेही दाखवायला जाताना 3 दिवस किती वाजता लघवीला गेलं, किती प्यायलं, कधी गळलं ते लिहून न्या. आईने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं, डॉक्टरांनी ते बघूनच रात्रीची बीपीची पाणी काढणारी गोळी सकाळी घ्यायला सांगितली.