बिल पूर्ण ओव्हरहॉलचे, इंजिनात मात्र जुनेच पिस्टन

माझ्या जेट बोटीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन भर वेगात असताना एकदम मंदावले आणि बंद पडले. पुन्हा स्टार्टर दाबला तर ‘टक्’ एवढाच आवाज आला. बोट ओढून काठाला आणली आणि ज्या मेकॅनिककडे दिली, त्याने प्लगसुद्धा न काढता सांगितले की इंजिन सीझ झाले आहे, म्हणजे पिस्टन आत घट्ट चिकटला आहे, दोन्ही सिलिंडर रिबोअर करावे, म्हणजे आतून कातून किंचित मोठे करावे लागतील आणि पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकचे, बेअरिंगही गेले असणार.

निदान अर्धे बरोबर निघाले, पण ते त्याने कशाच्या आधारावर केले, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. जेट बोटीत इंजिनाचा दांडा थेट पंपाच्या इंपेलरला, म्हणजे पाणी मागे फेकणाऱ्या पात्यांच्या चक्राला, जोडलेला असल्यामुळे इंपेलरमध्ये दोरी किंवा दगड अडकला तरी इंजिन सीझ झाल्यासारखेच वाटते, आणि सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तरी स्टार्टर असाच अडतो. म्हणून आधी दोन्ही प्लग काढून पाणी बाहेर येते का ते पाहायचे, मग पंप वेगळा करून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचे जड चाक, हाताने फिरते का ते तपासायचे. हे काम फार वेळाचे नाही, आणि ते टाळून थेट खर्चाचा आकडा सांगणाऱ्याकडे मी बोट ठेवली, ही माझी पहिली चूक होती.

दुसरी चूक अशी की त्याने सीझ होण्याचे खापर माझ्यावर फोडले आणि मी ते मुकाट्याने मान्य केले. त्याच्या म्हणण्यानुसार मी हलक्या प्रतीचे ऑइल वापरले होते. बोटीच्या तळाशी थोडे ऑइल साचलेले मी त्याला दाखवले, तेव्हा ‘टाकी भरताना सांडले असेल’ असे म्हणून त्याने विषय संपवला. अपराधी वाटणारा माणूस फार प्रश्न विचारत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असावे.

इंजिन परत आले ते नव्या रंगात. बिलावर दोन्ही सिलिंडरचे रिबोअर, मूळ मापापेक्षा मोठे, म्हणजे ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन, रिंगा, पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या गजनपिनचे बेअरिंग आणि गॅस्केट सेट असे सगळे तपशीलवार लिहिले होते. जुने भाग मागितले तर ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. रिबोअर केलेले इंजिन सुरुवातीचे काही तास पूर्ण वेगाने चालवायचे नसते आणि सिलिंडरना ऑइल पुरवणारा ऑइल पंप असला तरी पहिल्या टाकीच्या पेट्रोलमध्ये थोडे ऑइल वेगळे मिसळतात. याबद्दल त्याने एक शब्दही काढला नाही आणि मलाही त्याचे नवल वाटले नाही. त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून दाखवले, ते चांगले होते. जुन्या पिस्टनवर नव्या रिंगा चढवल्या तरी काही काळ कॉम्प्रेशन चांगले दिसू शकते, हे मला नंतर कळले.

काही तासांतच इंजिन पुन्हा सीझ झाले. या वेळी हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, मी स्वतः उघडले.

पुढच्या सिलिंडरला कोणी हातही लावलेला नव्हता. त्याच्या तळाचे गॅस्केट जुने, कडांना क्षार चढलेले होते. मागचा सिलिंडर उघडला गेला होता, पण होनिंग केल्यावर, म्हणजे रिबोअरनंतर सिलिंडर आतून बारीक घासल्यावर, भिंतीवर ज्या एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा दिसतात त्या तिथे नव्हत्या. त्याऐवजी पॉलिश पेपरचे उभे ओरखडे आणि त्यांच्या मध्ये पिस्टनमधून निघून भिंतीला चिकटलेल्या ॲल्युमिनियमचे पट्टे होते. पिस्टनच्या बाजूंवर कानशीचे घाव स्पष्ट दिसत होते, म्हणजे चिकटलेला पिस्टन सोडवून, घासून तोच परत बसवला होता. माथ्यावर ओव्हरसाइझचा आकडा नव्हता. नव्या होत्या त्या फक्त मागच्या पिस्टनच्या रिंगा. ‘भंगारात गेलेले’ दोन्ही पिस्टन माझ्याच इंजिनात होते.

मग मी दुसऱ्या जागी दाखवले. तिथल्या कारागिराने पुढचा सिलिंडर आतला व्यास मोजणाऱ्या बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला. माप मूळचेच भरले. माझ्या दृष्टीने बिल खोटे असल्याचा याहून स्वच्छ पुरावा नव्हता. त्यानंतर त्याने विचारले, ‘मागचाच सिलिंडर दोन्ही वेळा का चिकटला?’ पहिल्या गॅरेजमध्ये हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी जात असेल किंवा क्रँकच्या सीलमधून हवा शिरत असेल, तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो आणि खुणा सहसा एक्झॉस्टच्या बाजूला उमटतात. इथे त्या सगळीकडून, इनटेकच्या बाजूलाही होत्या, म्हणजे ऑइलच पोचत नव्हते. ऑइल पंपापासून मागच्या सिलिंडरकडे जाणारी बारीक नळी जोडाजवळ तडकलेली सापडली. त्या सिलिंडरच्या वाट्याचे ऑइल बोटीच्या तळाशी गळत होते. ऑइलच्या टाकीतली पातळी नेहमीसारखी कमी होत असल्यामुळे मी निश्चिंत होतो, आणि माझ्या बोटीतला ऑइलचा इशारा देणारा दिवा फक्त टाकीतली पातळी पाहतो. नळीतून ऑइल पुढे गेले की नाही, हे त्याला कळत नाही.

पहिल्या मेकॅनिककडे फोटो आणि मापे घेऊन गेलो. आधी तो म्हणाला की पोराने चुकून जुने पिस्टन बसवले असतील, नंतर म्हणाला की बोट त्याच्याकडून गेल्यावर कोणी काय केले याला तो जबाबदार नाही. मी बोट ताब्यात घेताना बिलाच्या तळाशी ‘काम तपासून घेतले’ या ओळीखाली सही केली होती. ती सही त्याने मला दाखवली. पैसे परत मिळाले नाहीत.

आता दोन्ही सिलिंडर खरोखर रिबोअर झाले आहेत, क्रँककेस धुऊन आतले धातूचे कण काढले आहेत आणि काढलेले पिस्टन, तडकलेल्या नळीसह, मी घरी आणून ठेवले आहेत.