शूमानहाऊस, बॉन: दोन खोल्या, खाली लायब्ररी आणि तिघांची गोष्ट

आधीच सांगते, जर्मन संगीतकार शूमानच्या आठवणीच्या या घराचा रिव्ह्यू लांब होणार आहे. ज्यांना फक्त जावं की नाही एवढंच हवंय त्यांनी इथेच थांबा: जा, आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं, तासाभरात बघून होतं, आणि वेळा आधी तपासून मगच निघा कारण हे मोठं म्युझियम नाहीये की दिवसभर दार उघडं असेल. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

आम्ही कोलोनला राहतो, तिथून बॉन रेल्वेने अर्ध्या तासावर. असं कागदावर. आमची पहिली गाडी रद्द, दुसरी पाऊण तास लेट, आणि लेक (वय १६, पियानो शिकते, सध्या आईवर रागावलेली असते, कारण लागत नाही) तोंड फुगवून प्लॅटफॉर्मवर बसलेली. तिला गप्प ठेवायला मी वाटेतच पैसे भरून एक ऑडिओ टूरचं अ‍ॅप उतरवून घेतलं. नाव घेत नाही, पण त्याबद्दल पुढे बोलणारच आहे, कारण एक स्टार त्याच्यामुळेच गेलाय, शूमानहाऊसमुळे नाही.

एंडेनिश हा बॉनचा पश्चिमेकडचा भाग. स्टेशनपासून चालत अर्धा तास, आम्ही चालतच गेलो. १८५४ मध्ये हे गाव शहराबाहेर होतं आणि या घरात डॉक्टर रिषार्ट्झ यांचं मनोरुग्णांसाठीचं खाजगी इस्पितळ होतं. संगीतकार रॉबर्ट शूमान आयुष्याची शेवटची जवळजवळ अडीच वर्षं इथे होता. आता खाली बॉन शहराची संगीत लायब्ररी आहे आणि वरच्या मजल्यावर त्याच्या आठवणीच्या दोन खोल्या. बस्स. भव्य काही नाही. फ्रेम, काचेच्या पेट्या, पत्रं, चित्रं. माझ्या नवऱ्याला तुम्ही इथे आणलंत तर तो दहा मिनिटांत "झालं का?" विचारेल, म्हणून मी त्याला आणलं नाही.

पण गोष्ट माहीत असेल तर त्या खोलीत जीव घाबरा होतो. ती थोडक्यात सांगते कारण त्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थच नाही.

१८५३ चा सप्टेंबर संपत आलेला, हॅम्बुर्गचा वीस वर्षांचा एक पियानोवाला पोरगा ड्युसलडॉर्फला शूमानच्या दारात येतो. योहानेस ब्राम्स, पुढे मोठा संगीतकार झाला तो. बाप डबल बास वाजवणारा, घरची परिस्थिती बेताची, पोरगा लाजाळू, आवाज पातळ, केस लांब, दाढी नाही (आपण फोटोत बघतो तो दाढीवाला आजोबा फार नंतरचा). तो पियानोवर बसतो, आपलं काहीतरी वाजवतो, आणि रॉबर्ट बायकोला हाक मारून बोलावून आणतो की हे ऐक. त्या रात्री रॉबर्टच्या डायरीत एक ओळ, ब्राम्स भेटायला आला, जीनियस आहे. महिन्याभरात रॉबर्टने त्याच्यावर एवढा कौतुकाचा लेख लिहिला की काल कोणाला नाव माहीत नव्हतं तो पोरगा जर्मनीभर चर्चेत.

आणि ती बायको म्हणजे क्लारा. चौतीस वर्षांची, युरोपातली नावाजलेली पियानिस्ट, नवऱ्यापेक्षा जास्त प्रसिद्ध म्हटलं तरी चालेल. युरो यायच्या आधी शंभर मार्कच्या नोटेवर जी बाई होती ना, तीच. ब्राम्सपेक्षा चौदा वर्षांनी मोठी.

पाच महिन्यांत सगळं कोसळलं. रॉबर्टला आधीपासून त्रास होताच, आता कानात सूर वाजायचे ते थांबेनात, कधी देवदूत गातात वाटायचं कधी राक्षस ओरडतात. २७ फेब्रुवारी १८५४, बाहेर कार्निव्हलचा दंगा, हा माणूस घरातल्या कपड्यांत पावसात बाहेर पडला, पुलाचा टोल द्यायला पैसे नव्हते म्हणून टोलवाल्याला रुमाल दिला आणि ऱ्हाईन नदीत उडी मारली. नावाड्यांनी काढला. ४ मार्चला एंडेनिशला. क्लारा पोटुशी होती, घरात सहा पोरं, सातवं जूनमध्ये झालं.

आणि बातमी कळल्यावर धावत कोण आलं तर ब्राम्स. आणि तो राहिलाच. पोरांशी खेळला, पोरांना सांभाळलं, क्लारा पैसे मिळवायला गावोगाव कार्यक्रम करत फिरायची तेव्हा याने रॉबर्टच्याच हिशेबाच्या वहीत घरखर्च लिहिला. ज्या माणसाने आपल्याला उचलून धरलं त्याच्याच वहीत, त्याच्याच घरी, त्याच्याच बायकोच्या प्रेमात पडत. वय एकवीस. अरे बापरे. सांगायचं तरी कोणाला! जवळचा मित्र योआखिम, व्हायोलिनवाला, त्याला पत्रात थोडंफार सांगितलं, बाकी सगळं गिळलं.

पत्रांत हे फार स्पष्ट दिसतं, आणि आपल्याला मराठीत ते जर्मनांइतकंच चटकन कळतं, कारण आपल्याकडेही तुम्ही आणि तू आहे. सुरुवातीची पत्रं आदरणीय बाईसाहेबांना, सगळं तुम्ही. मग हळूहळू घसरत घसरत तू. आणि १८५६ पर्यंत सरळ प्रिये. मी हे लेकीला समजावून सांगितलं तर ती काचेच्या पेटीवर वाकून म्हणाली, "आई, ही तर प्रॉपर सिच्युएशनशिप आहे." (म्हणजे ना धड मैत्री, ना धड नातं.) मला आधी राग आला, मग वाटलं कार्टी बरोबर बोलतेय.

आता त्या खोलीचं महत्त्व. क्लाराला इथे यायला डॉक्टरांनी बंदी केली होती. बायकोला बघून रोगी बिथरेल म्हणून. ब्राम्सला मात्र १८५५ पासून परवानगी होती! म्हणजे विचार करा, बायको तिकडे घरी पत्राची वाट बघतेय आणि जो तिच्यावर जीव टाकतो तो पोरगा इथे तिच्या नवऱ्यापुढे बसून, तो कसा दिसतो, काय बोलला, ते जाऊन तिला सांगतोय. रॉबर्टने एकदा मोठा नकाशांचा अ‍ॅटलस मागितला तर तोही याने आणून दिला, आणि नंतर भेटायला आला तेव्हा रॉबर्ट त्यातली गावांची नावं काढून एबीसीडीप्रमाणे लावत बसलेला. मी त्या खोलीत उभी राहून खिडकीतून झाडं बघत होते आणि माझ्या डोक्यात ना रॉबर्ट होता ना क्लारा, तो अ‍ॅटलसवाला पोरगाच होता, की परत जाताना वाटेत याने ठरवलं काय असेल, तिला किती सांगायचं आणि किती नाही.

क्लारा शेवटी आली ती २७ जुलै १८५६ ला. चार दिवस आधी तार आल्यावर आली होती तेव्हाही तिला वर जाऊ दिलं नव्हतं. जवळजवळ अडीच वर्षांनी नवऱ्याचं तोंड बघितलं. त्याने तिला ओळखलं असं तिला वाटलं, कसाबसा हात तिच्याभोवती टाकला. दुसऱ्या दिवशी तिने बोटाने त्याला वाइनचे थेंब चाटवले. २९ ला दुपारी चार वाजता तो गेला तेव्हा खोलीत कोणीच नव्हतं, ती योआखिमला आणायला स्टेशनवर गेली होती.

आता अ‍ॅपबद्दल. हीच सगळी गोष्ट त्या अ‍ॅपमध्ये मागे व्हायोलिन लावून, दबक्या आवाजात, "निषिद्ध प्रेम" "बंद दाराआड काय घडलं" अशी सांगितली आहे, अगदी दुपारच्या सिरियलसारखी. आणि ठाम विधान की दोघांचं लफडं होतं. कशावरून? पुरावा नाही कोणाकडे. दोघांनी नंतर एकमेकांना लिहिलेली पत्रं परत मागून घेतली आणि बरीच नष्ट केली, म्हणजे तुमच्यासाठी काही ठेवलं नाही त्यांनी, मग कशाला नाक खुपसायचं. शिवाय या असल्या सांगण्यात एक जण वाईट लागतो, एकतर वेडा नवरा नाहीतर चंचल बायको नाहीतर घरफोड्या पोरगा. इथे तिघंही चांगली माणसं आहेत आणि तिघांनाही एकमेकांबद्दल माया आहे, म्हणूनच तर इतकं दुखतं. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं. मी अर्ध्यात हेडफोन काढले, पैसे पाण्यात.

आणि मग खाली लायब्ररी. हा भाग कृपा करून चुकवू नका, सगळे वर बघून निघून जातात. लेकीने काउंटरवर जाऊन तीन नोटेशन मागितली (मला जर्मन बोलायची अजूनही लाज वाटते, तिच्याकडून बोलून घेते) आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. पहिलं रॉबर्टचं, ओपस (म्हणजे छापलेल्या रचनेचा क्रमांक) ९९ मधला चौथा छोटा तुकडा. पानभर फक्त, साधी उदास चाल. दुसरं क्लाराचं, ओपस २०, त्याच चालीवरची व्हेरिएशन्स, १८५३ च्या जूनमध्ये नवऱ्याला वाढदिवसाची भेट म्हणून लिहिलेली. तिसरं ब्राम्सचं, ओपस ९, तीच चाल, १८५४ चा उन्हाळा, म्हणजे रॉबर्ट इथे वर आणि हा तिकडे क्लाराच्या घरी. तिन्ही एफ शार्प मायनरमध्ये. मी मिरजेला लहानपणी पेटी शिकलेय, माझ्या भाषेत सा काळी तीन. म्हणजे कसं, एकच बंदिश तीन जणांनी गायची, पहिल्याची चीज, बायकोने ती सजवून त्यालाच परत दिली, आणि मग तिसऱ्याने दोघांना ऐकून आपली मांडणी केली. लेक बोटाने टेबलावरच वाजवून बघत होती. ब्राम्सच्या दहाव्या व्हेरिएशनपाशी थांबली आणि म्हणाली हे इथे क्लाराची एक जुनी चाल येते, तिची स्वतःची. म्हणजे पोराने नवऱ्याच्या चालीच्या आत बायकोची चाल लपवून ठेवलीये. आणि सगळ्यात कहर म्हणजे हे सगळं नंतर रॉबर्टकडे पाठवलं, त्याने इथे वरच्या मजल्यावर ते वाचलं, आणि मनापासून कौतुकाचं पत्र लिहिलं. त्याला काय कळलं असेल काय नसेल. आम्ही दोघी काही वेळ बोललोच नाही.

अ‍ॅपमध्ये यातलं एक अक्षर नाही.

तिथून चालत जुन्या स्मशानभूमीत गेलो, स्टेशनच्या जवळच आहे, परतीच्या वाटेवर. बेथोव्हेनची आईही तिथेच आहे. शूमानची कबर शोधावी लागत नाही, मोठं पांढरं संगमरवरी काम, वर रॉबर्टचा चेहरा आणि खाली बसून त्याच्याकडे बघणारी बाई, तिला क्लाराचा चेहरा दिलाय. १८८० मध्ये हे उभं केलं तेव्हा क्लारा जिवंत होती, स्वतः हजर होती, आणि त्या दिवशीचं संगीत बसवून कंडक्ट कोणी केलं तर ब्राम्सने! कबरीवर मात्र तो कुठेच नाही.

कारण रस्ता मोकळा झाल्यावर तो निघून गेला. रॉबर्ट गेल्यावर क्लारा, तिची काही पोरं, ब्राम्स आणि सोबतीला त्याची बहीण असे सगळे स्वित्झर्लंडला गेले, परत आले, आणि ऑक्टोबरमध्ये तो हॅम्बुर्गला आपल्या घरी. क्लाराने त्याला गाडीवर सोडलं आणि डायरीत लिहिलं की परत येताना अंत्ययात्रेहून आल्यासारखं वाटलं. त्याने का नाही लग्न केलं यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. माझं मत विचाराल तर त्याला क्लारा हवी होती पण रॉबर्टची खुर्ची नको होती. नंतर एका मुलीला अंगठी दिली, तीही परत. आयुष्यभर एकटा. पण पुढची चाळीस वर्षं नवं काही लिहिलं की आधी क्लाराला पाठवायचा, ती चुका काढायची, दोघं भांडायची, अबोला धरायची, परत पत्रं.

मे १८९६ मध्ये क्लारा फ्रँकफर्टला वारली. ब्राम्स तेव्हा ऑस्ट्रियात इश्लला, तार उशिरा मिळाली, तसाच निघाला, आणि जिथे गाडी बदलायची तिथे झोप लागली. भलतीकडेच गेला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, रात्रभर उलटसुलट गाड्या, फ्रँकफर्टला पोचतो तर तिला बॉनला हलवलेलं, मग पुढे बॉन, पुरायच्या वेळेला कसाबसा पोचला. याच जागी. वर्षभरात तोही वारला, व्हिएन्नाला. हे मी कबरीपाशी लेकीला सांगितलं तेव्हा तिने सकाळच्या आमच्या लेट गाडीबद्दलचा राग सोडून दिला, निदान तसं म्हणाली तरी.

काही कामाच्या गोष्टी. पायात बरे बूट घाला, मी चप्पल घालून गेले आणि स्मशानात चिखल होता. एंडेनिशमध्ये खायला बऱ्याच जागा आहेत, आम्ही डबा नेला होता, पोळीभाजी, बाकावर बसून खाल्ली, कोणी काही बोललं नाही. लहान मुलांना नेऊ नका, करण्यासारखं काही नाही. पियानो शिकणारं कोणी घरात असेल तर नक्की न्या, आणि जायच्या आधी ती तीन नोटेशन ऐकून जा, सगळी मिळून अर्धापाऊण तासात होतं.

स्टार चार. पाचवा अ‍ॅपवाल्यांकडून वसूल करा.

पुढच्या सुट्टीत ड्युसलडॉर्फ, बिल्कर रस्त्यावरचं ते घर, जिथे पोरगा दारात आला होता, तिथे आता म्युझियम आहे. लेक स्वतःहून येते म्हणालीये. ओपस ९ चं नोटेशन तिने विकत घेतलंय आणि रोज रात्री दहाव्या व्हेरिएशनपाशी अडकते, खालचे शेजारी अजून काही बोलले नाहीत.