नेदरलँड्समध्ये स्वतःचं काम: केव्हीके नोंदणीचा अनुभव आणि त्यानंतरचं खरं काम

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे नेदरलँड्सला आलात आणि इथे स्वतःचं काम सुरू करायचं मनात असेल, तर नोंदणीसाठी एजंटला एक युरोही देऊ नका. मला एका सल्लागाराने त्यासाठी तीनशे युरो सांगितले होते. केव्हीके, म्हणजे इथलं चेंबर ऑफ कॉमर्स, हेच काम थेट करून देतं. 2025 मध्ये त्याची फी होती 82.25 युरो. तीही एकदाच, दरवर्षी वर्गणी नाही.

आधी राहण्याचा परवाना बघा. माझा नवरा हायली स्किल्ड मायग्रंट आहे, त्यामुळे माझ्या रेसिडेन्स कार्डावर कुठलंही काम करायची मोकळीक असल्याची डच ओळ आहे. त्यात स्वतःचा व्यवसायही येतो. तुमच्या कार्डावर दुसरं काही लिहिलेलं असेल, तर आयएनडीकडून, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याकडून, खात्री करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मी अ‍ॅम्स्टेलव्हेनमध्ये राहते आणि छोट्या ब्रँड्ससाठी पॅकेजिंग, लोगो अशी डिझाइनची कामं करते. फॉर्म घरून भरला, अपॉइंटमेंट घेतली आणि ओळखपत्र घेऊन गेले. समोरच्या बाईंनी कागद तपासायच्या आधी गप्पाच सुरू केल्या. ग्राहक कोण? पुढचे कुठून मिळवणार? दर तुम्ही ठरवता की समोरचा? कॉम्प्युटर तुमचा की त्यांचा? उलटतपासणी वाटावी असे प्रश्न, पण सूर अगदी आपुलकीचा. हा खरंच धंदा आहे, छंद नाही आणि आडून नोकरीही नाही, एवढं त्यांना बघायचं असतं. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि मी लिहिलेलं कामाचं वर्णन मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या मोघम ‘डिझाइन सर्व्हिसेस’च्या जागी नेमकी कामं लिहायला लावली, कारण व्यवसायाचा कोड त्यावरून ठरतो. नको असलेली जाहिरातींची पत्रं टाळायची खूणही त्यांनीच सुचवली. कार्डाने पैसे भरले आणि आठ आकडी केव्हीके नंबर हातात घेऊनच बाहेर पडले. सरकारी खिडकीवर इतकं नीट ऐकून घेणारं माणूस भेटलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

एक गोष्ट मात्र जाण्याआधी ठरवून ठेवा. ही नोंदवही सार्वजनिक असते. घरचाच पत्ता व्यवसायाचा म्हणून दिलात तर तो कुणालाही दिसू शकतो, म्हणून पत्ता झाकण्याची सोय आपल्याला लागू होते का, हे तिथेच विचारा. आणि नोंदणीनंतर बिलासारखी दिसणारी पत्रं येऊ लागली, तर पाठवणारा कोण हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. अशा फसव्या बिलांचा इथे सुळसुळाट आहे.

खरं काम पुढे सुरू होतं. टॅक्स ऑफिसकडून पोस्टाने बीटीडब्ल्यूचे, म्हणजे व्हॅटचे, दोन नंबर येतात. इनव्हॉइसवर टाकायचा तो एनएलने सुरू होणारा. दुसऱ्यात तुमचा वैयक्तिक बीएसएन, म्हणजे इथला नागरिक सेवा क्रमांक, दडलेला असतो. तो फक्त टॅक्स ऑफिसशी व्यवहारापुरता, ग्राहकाला कधीही देऊ नका.

मी बिलावर 21 टक्के व्हॅट लावते आणि तो दर तिमाहीला भरते. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीची अखेर, या तारखा भिंतीवर लावून ठेवाव्यात. एकही बिल केलं नसेल तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. वर्षाची उलाढाल 20,000 युरोंच्या आत राहणार असेल तर छोट्या व्यावसायिकांची सवलत घेता येते. मग व्हॅट लावायचा नाही, पण खरेदीवर भरलेला परतही मिळत नाही. मला सुरुवातीलाच लॅपटॉप आणि मोठा मॉनिटर घ्यायचा होता, म्हणून मी ती घेतली नाही.

इन्कम टॅक्समधली स्वयंरोजगाराची वजावट हवी असेल तर वर्षाला 1,225 तास कामाचे दाखवावे लागतात. त्यात बिलं करणं, ग्राहकाला भेटायला जाणं हेही धरतात, म्हणून तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. ही वजावट मात्र झपाट्याने आटते आहे: 2023 मध्ये 5,030 युरो, 2025 मध्ये 2,470, आणि 2027 मध्ये 900. जुन्या व्हिडिओंवर विसंबून दर ठरवू नका. शिवाय आरोग्यविम्याच्या हप्त्यापलीकडे उत्पन्नावर वेगळी आरोग्य-वर्गणी द्यावी लागते (2025 मध्ये 5.26 टक्के). ती पगारातून कापली जात नाही, वेगळी मागणी येते. मी प्रत्येक जमा रकमेतला तिसरा हिस्सा त्याच दिवशी बाजूला काढते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आजारपणाची. इथे स्वतःचं काम करणाऱ्याला आजारी पडल्यावर पगार देणारं कुणी नाही आणि खासगी विमा महाग. त्यावर डच लोकांनी काढलेला ब्रोडफोन्ड्स हा मार्ग मला फार आवडला. साधारण वीस ते पन्नास व्यावसायिक आपल्या भिशीसारखे एकत्र येतात, दरमहा पैसे बाजूला ठेवतात, आणि कुणी आजारी पडलं तर बाकीचे त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं मदत पाठवतात. सभासद एकमेकांना ओळखणारे असावे लागतात, त्यामुळे लगेच जागा मिळेलच असं नाही. नोंदणी झाल्या झाल्या चौकशी सुरू करा.

केव्हीकेच्या सेवेला माझ्याकडून पाचपैकी पाच. हिशेबनीस ठेवायचाच असेल तर तो पहिल्या वार्षिक रिटर्नसाठी ठेवा, नोंदणीसाठी नको.