अडकणारा स्टार्टर: दुरुस्ती की बदल?

जुन्या ट्रकचा स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) अडकू लागला की तो खोलून दुरुस्त करावा की सरळ बदलावा, हे ठरवण्याआधी बॅटरीच्या केबलची टोके घासून स्वच्छ करावीत, कारण गंजलेल्या जोडामुळेही सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) नुसता ‘टक्’ करून थांबतो. बेंडिक्सच्या (पिनियन पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) दांड्यावर काळे, चिकट ग्रीस साचून पिनियन, म्हणजे स्टार्टरचे छोटे दातेरी चाक, नीट सरकत नसेल किंवा मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले असतील, तर माझ्या मते दुरुस्तीच योग्य. जुन्या स्टार्टरचे जाड कवच आणि तांब्याची वेटोळी सहसा सुस्थितीत असतात. आर्मेचर (मोटरचा फिरणारा, वेटोळ्यांचा भाग) जळून करपल्याचा वास येत असेल, तर मात्र स्टार्टर बदलावा. दोन्ही वेळी फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) रिंगचे दात पाहावेतच. ते झिजलेले राहिले, तर नवा पिनियनही तिथेच अडकेल.